टॉर्कोलसाठी पाच जोडीदार: पोकेमॉन डबल्सची टीम कशी बांधतात

पोकेमॉनच्या स्पर्धेत नव्याने उतरणाऱ्याची टीम ओळखायला वेळ लागत नाही. सहाच्या सहा दणकट, प्रत्येकाकडे चारही मूव्ह (म्हणजे चाली) मारायच्याच, आणि त्यातले दोन-तीन केवळ कार्टूनमध्ये आवडले होते म्हणून घेतलेले. गेमच्या गोष्टीत, म्हणजे कॉम्प्युटरविरुद्ध, अशी टीम आरामात जिंकते. समोर माणूस बसला की तीच टीम चार-पाच टर्नमध्ये आडवी होते. हरणाऱ्याला वाटतं, त्याचे पोकेमॉन भारी होते. बहुतेक वेळा तसं नसतं. समोरच्याने पहिल्या दोन टर्नमध्ये काय करायचं हे घरूनच ठरवून आणलेलं असतं, एवढंच.

इथे आपण अधिकृत स्पर्धेचा प्रकार घेऊ, ज्याला खेळाडू व्हीजीसी (व्हिडिओ गेम चॅम्पियनशिप्स) म्हणतात. उदाहरणं 2022 साली आलेल्या स्कार्लेट आणि व्हायोलेट या गेममधली. सहा पोकेमॉनची टीम नोंदवायची. लढतीआधी दोघांना एकमेकांचे सहा दिसतात, मग त्यातले चार निवडायचे आणि मैदानात एका वेळी दोन विरुद्ध दोन (म्हणजे डबल्स) उभे करायचे. सगळे लेव्हल 50 वर आणले जातात, त्यामुळे 'माझा लेव्हल 100 चा आहे' हा रुबाब चालत नाही. एकच पोकेमॉन दोनदा घेता येत नाही आणि एकच आयटम, म्हणजे लढतीत जवळ बाळगायची वस्तू, दोघांना देता येत नाही. कोणकोणते पोकेमॉन चालतील ते रेग्युलेशन ठरवतं आणि ते अधूनमधून बदलतं, म्हणून मागच्या वर्षीची जिंकणारी टीम यंदा नोंदवताही येणार नाही असं होऊ शकतं.

सहातून चार निवडायचे 15 मार्ग आहेत. त्या चारांतले कोणते दोन आधी उतरवायचे याचे प्रत्येकी 6. म्हणजे एकाच टीममधून 90 वेगवेगळ्या सुरुवाती निघतात. नवा खेळाडू सहा पोकेमॉन गोळा करतो. मुरलेला खेळाडू या नव्वदांपैकी चार-पाच चांगल्या सुरुवाती हाताशी असाव्यात म्हणून टीम बांधतो. पुढचं सगळं याच एका फरकाभोवती फिरतं.

ताकदीपेक्षा काम कसं मोठं ठरतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 2014 चं आहे. वॉशिंग्टन डीसीमध्ये जागतिक स्पर्धा होती आणि दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने ती जिंकली. त्याच्या टीममध्ये होती पाचिरिसू, एक विजेची खार. तिच्या सहाही स्टॅटची (ताकद, वेग वगैरे गुणांच्या आकड्यांची) बेरीज 405 भरते; त्याच टीममधल्या गारचॉम्पची 600. सोशल मीडियावर लोक आजही ते 'गोड पोकेमॉनने जग जिंकलं' असं सांगतात. खरं तर त्या निवडीत गोडव्याचा काडीचाही संबंध नव्हता.

पार्कच्या टीममध्ये ग्याराडोस आणि टॅलनफ्लेम होते आणि दोघांनाही विजेचा मार जास्त लागतो. पाचिरिसूकडे फॉलो मी ही मूव्ह होती, जिने समोरच्यांचे एकेकट्यावर टाकलेले हल्ले तिच्याकडे वळतात. तिची एबिलिटी, म्हणजे अंगभूत गुण, होती व्होल्ट अ‍ॅबसॉर्ब, म्हणजे वीज अंगावर पडली तर इजा सोडाच, चौथा हिस्सा एचपी (म्हणजे जीव) परत मिळतो. ग्याराडोसवर टाकलेली वीज खारीकडे वळायची आणि खार उलट टवटवीत व्हायची. पण मग ती मारणार कशी, तिची अ‍ॅटॅक तर 45? त्यासाठी सुपर फँग होती. ही मूव्ह समोरच्याचा उरलेला एचपी थेट निम्मा करते आणि मारणाऱ्याच्या अ‍ॅटॅकशी तिला घेणंदेणं नसतं. जोडीला नझल, जिने समोरचा हमखास पॅरलाइज होऊन (लुळा पडून) त्याचा वेग पडतो. कमकुवत आकडा जिथे आडवा येत नाही, नेमक्या त्याच कामांसाठी तिला ठेवलं होतं.

आता आपली एक टीम बांधू. सुरुवात टॉर्कोलपासून करतो, कारण तो इतका मंद आहे की त्याच्यासाठी टीम बांधावीच लागते. हे एक धूर ओकणारं कासव. मूळ वेग 20. एबिलिटी ड्राउट, म्हणजे तो उतरला की पाच टर्न कडक ऊन पडतं. उन्हात आगीचा मार दीडपट आणि पाण्याचा मार निम्मा. त्याची मुख्य मूव्ह इरप्शन. एचपी पूर्ण असेल तर हिची ताकद 150 आणि ती समोरच्या दोघांनाही लागते. हिशेब पाहा: स्वतःच्या प्रकारची (आगीच्या पोकेमॉनची आगीची) मूव्ह म्हणून 1.5, ऊन म्हणून 1.5, आणि दोघांना लागते म्हणून 0.75. गुणाकार केला की 150 ची मूव्ह जवळपास 253 सारखी बसते, तीही दोघांवर एकाच वेळी.

मेख अशी की इरप्शनची ताकद टॉर्कोलच्या उरलेल्या एचपीच्या प्रमाणात असते. निम्मा एचपी गेला की 150 ची 75 होते. आणि वेग 20 असलेल्या कासवाला कोणीतरी आधी मारणार हे उघड आहे. म्हणून प्रश्न असा होतो: सगळ्यात मंद पोकेमॉनने सगळ्यात आधी मारावं, हे घडवायचं कसं?

डबल्समध्ये वेगावरचा ताबा हीच अर्धी लढाई आहे, आणि नवे खेळाडू नेमकं इथेच दुर्लक्ष करतात. साधारण दोन वाटा आहेत. एक टेलविंड: आपल्या बाजूचा वेग चार टर्न दुप्पट. टाकलेली टर्नही मोजली जाते, म्हणून खरा पूर्ण फायदा तीनच टर्नचा. दुसरी ट्रिक रूम: पाच टर्नपर्यंत क्रम उलटा, जो मंद तो आधी. हिच्यातही टाकलेली टर्न धरतात, त्यामुळे हाताला चार लागतात. शिवाय ट्रिक रूम त्या टर्नला सगळ्यात शेवटी पडते, म्हणजे टाकणाऱ्याने आधी सगळ्यांचा मार सोसून उभं राहायला हवं. टॉर्कोलला अर्थातच ट्रिक रूम हवी.

टाकणारा म्हणून फॅरिगिराफ घेऊ. त्याचा मूळ एचपी 120, त्यामुळे एखादा जोरदार फटका तो पचवतो. पण त्याला घ्यायचं खरं कारण त्याची आर्मर टेल ही एबिलिटी. ट्रिक रूम टाकणाऱ्याला रोखायचे दोन नेहमीचे उपाय असतात. पहिला फेक आउट, जी उतरल्या उतरल्या पहिल्याच टर्नला सगळ्यांच्या आधी बसते आणि समोरच्याची ती टर्न वाया घालवते. दुसरा प्रँकस्टर एबिलिटीवाल्याचा टॉन्ट, जो इतरांच्या आधी लागून नुसत्या मारायच्या मूव्ह करायला भाग पाडतो. दोन्ही 'आधी जाणाऱ्या' मूव्ह आहेत आणि आर्मर टेल समोरून येणाऱ्या अशा मूव्ह फॅरिगिराफवरही चालू देत नाही, त्याच्या शेजाऱ्यावरही नाही. आपल्या बाजूच्या फेक आउटला मात्र तिची आडकाठी नसते. शिवाय फॅरिगिराफ नॉर्मल आणि सायकिक असल्याने भुतांच्या मूव्ह त्याला लागतच नाहीत.

तिसरा अमूंगस, एक फसवं अळंबी. रेज पावडरने तो हल्ले स्वतःकडे ओढतो आणि स्पोरने समोरच्याला झोपवतो. स्पोर चुकत नाही. दोन्ही पावडरी आहेत, त्यामुळे गवत प्रकारच्यांवर आणि सेफ्टी गॉगल्स हा आयटम घातलेल्यांवर त्या चालत नाहीत, हे लक्षात ठेवायचं. पाचिरिसूची फॉलो मी इथे सरस होती.

चौथा शोधताना उलटा विचार करायचा: टॉर्कोलला कोण खिशात घालतं? हीट्रान. तो आग आणि पोलाद, एबिलिटी बहुधा फ्लॅश फायर, म्हणजे आग लागत नाहीच, उलट त्याचीच आग वाढते. त्याच्यासमोर इरप्शन म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण जमिनीचा मार हीट्रानला चौपट लागतो, म्हणून उर्सालूना घेऊ. जमीन आणि नॉर्मल, मूळ अ‍ॅटॅक 140, वेग 50, म्हणजे ट्रिक रूममध्ये तोही खूश. त्याला फ्लेम ऑर्ब हा आयटम द्यायचा, म्हणजे तो स्वतःच भाजून घेतो. गट्स या एबिलिटीमुळे आजारी असताना त्याची अ‍ॅटॅक दीडपट होते आणि भाजल्यामुळे एरवी होणारी घट होत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो.

पाचवा इन्सिनरोर. याच्यावर नवे खेळाडू वैतागतात, जुने खेळाडूही वैतागतात, आणि तरी जिथे चालतो तिथे घेतात. उतरला की इंटिमिडेटने समोरच्या दोघांची अ‍ॅटॅक दोन तृतीयांशावर येते. मग फेक आउट. मग पार्टिंग शॉट मारून तो बाहेर जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. पुन्हा आत आला की इंटिमिडेट पुन्हा, फेक आउटही पुन्हा. तो स्वतः फारसं कोणाला पाडत नाही. सहा मृदंगवाल्यांचं भजन होत नाही, टाळकरीही लागतात. इन्सिनरोर हा टाळकरी.

इथवर पाच झाले. सहावा निवडण्याआधी थांबून भोकं मोजायची. प्रकार 18 आहेत. प्रत्येकाचा मार कोणाला किती लागतो हा तक्ता पाठ करायला एक-दोन महिने जातात आणि त्याला पर्याय नाही. आपल्या पाचांत पाण्याचा मार कोणाला जास्त लागतो? टॉर्कोल, उर्सालूना, इन्सिनरोर. पाचातले तीन. आणि पाण्याचा उर्शिफू हा या गेममधला सर्रास दिसणारा गडी. त्याचा सर्जिंग स्ट्राइक्स दर वेळी क्रिटिकल (नेहमीपेक्षा जोरदार) लागतो आणि अनसीन फिस्टमुळे प्रोटेक्ट भेदून जातो. प्रोटेक्ट म्हणजे एक टर्न पूर्ण बचाव, डबल्समध्ये जवळजवळ प्रत्येकाकडे असणारी मूव्ह. ती या गड्यासमोर निकामी.

तरी टीम मोडीत काढायची गरज नाही, कारण उत्तरं आपल्याकडेच आहेत. उन्हात पाण्याचा मार निम्मा होतो. अमूंगसवर उर्शिफूचे पाणी आणि फायटिंग हे दोन्ही मार निम्मेच बसतात, म्हणून रेज पावडरने तो हल्ला अंगावर घेऊ शकतो. आणि टेरास्टल आहे: लढतीत एकदा, एका पोकेमॉनला आपला प्रकार बदलता येतो, जो टीम बांधतानाच ठरवून ठेवावा लागतो. इन्सिनरोरला गवत टेरा दिला तर पाणी आणि जमीन, त्याच्या चार दुखऱ्या बाजूंपैकी दोन, एकदम सावरतात. लढतीत टेरा एकालाच मिळतो हे खरं, पण समोरच्याला तो कोणाला मिळणार हे आधी कळत नाही.

राहिला सहावा. आतापर्यंतची टीम ट्रिक रूमवर अवलंबून आहे आणि ट्रिक रूम मोडता येते. कोणी फॅरिगिराफला एका टर्नमध्ये पाडलं, किंवा समोरच्यानेच दुसऱ्यांदा ट्रिक रूम टाकून ती रद्द केली, तर आपले मंद गडी उघड्यावर येतात. म्हणून सहावा वेगवान हवा, पण उरलेल्यांशी नातं असलेला. फ्लटर मेन इथे चपखल बसते. भूत आणि फेअरी, मूळ वेग 135, आणि प्रोटोसिंथेसिस ही एबिलिटी उन्हात चालू होते. ऊन तर टॉर्कोल पाडतोच. म्हणजे ट्रिक रूम न लावता, टॉर्कोल आणि फ्लटर मेन एकत्र उतरवून एक वेगळीच सुरुवात मिळाली. समोरचा ट्रिक रूम रोखायच्या तयारीने आला असेल तर त्याची तयारी वाया. मात्र ट्रिक रूम चालू असताना फ्लटर मेन मैदानात नको, तिथे ती सगळ्यात मागे पडते.

आता आकडेमोड. मूळ आकड्यावर तीन गोष्टींनी लढतीतले स्टॅट ठरतात. आयव्ही म्हणजे जन्मतःची देणगी, प्रत्येक स्टॅटला 0 ते 31. नेचर एक स्टॅट दहा टक्के वाढवतं, दुसरा दहा टक्के कमी करतं. आणि ईव्ही म्हणजे सरावाचे गुण: एकूण 510, एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त 252. लेव्हल 50 ला पहिले 4 ईव्ही एक गुण देतात आणि त्यापुढे दर 8 ला एक, जर आयव्ही 31 असेल तर. टॉर्कोलला इरप्शनचा जोर ठरवणाऱ्या स्पेशल अ‍ॅटॅकमध्ये आणि एचपीत 252-252 घातले, सोबत क्वाएट नेचर दिलं, की स्पेशल अ‍ॅटॅक 150 आणि एचपी 177. वेगाची आयव्ही मुद्दाम 0 ठेवायची, म्हणजे वेग 22 येतो. हो, इथे कमी म्हणजे चांगलं. त्याच पद्धतीने अमूंगस 31, उर्सालूना 49, फॅरिगिराफ 58. ट्रिक रूममध्ये याच क्रमाने चालणार, टॉर्कोल पहिला.

ईव्हीचं खरं कौतुक मला फ्लटर मेनमध्ये वाटतं. गारचॉम्पचा वेग नेचर आणि पूर्ण ईव्हीसकट जास्तीत जास्त 169 जातो. टिमिड नेचरच्या फ्लटर मेनचा वेग, एकही ईव्ही न घालता, 170 येतो. फक्त एकाने पुढे, पण वेगात एकाने पुढे म्हणजे पुढे; बरोबरी झाली असती तर नाणेफेक. मग वेगात 252 घालायचे कशाला? ते एचपीत आणि बचावात घालता येतील. पण थांबा: प्रोटोसिंथेसिस सगळ्यात मोठा स्टॅट वाढवते. वेगात 252 घातले तर वेग 205 होतो, तोच सगळ्यात मोठा, आणि उन्हात दीडपट होऊन 307. वेगात काही न घालता स्पेशल अ‍ॅटॅकमध्ये 252 घातले, तर ती 187 असते, वेगापेक्षा मोठी, आणि उन्हात तीच 30 टक्के वाढून 243 होते. एकच पोकेमॉन, तेच नेचर, आणि दोन वेगळी हत्यारं. आपल्या टीममध्ये मी दुसरी घेईन, कारण वेगाची चिंता करणारी ट्रिक रूम आधीच आहे. समोर टेलविंडवाल्या टीम जास्त दिसत असतील तर मात्र पहिली.

हे सगळं हाताने करत बसत नाही कोणी. इंटरनेटवर डॅमेज कॅल्क्युलेटर आहेत. एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवायची: प्रत्येक फटका 85 ते 100 टक्क्यांच्या दरम्यान सोळा पायऱ्यांपैकी एकावर पडतो आणि 24 पैकी एकदा क्रिटिकल लागतो. 'सोळातल्या पंधरा वेळा मरेल' याला 'मरेलच' समजणारे बरेच सामने हातचे घालवतात.

गेममध्ये हे सहा पकडून वाढवायला वेळ लागतो. तो वाचवायला लोक कोडमध्ये छेडछाड करून बनवलेले पोकेमॉन घेतात आणि त्यात धोका आहे: 2023 ला योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत तपासणीत काही खेळाडू याच कारणाने बाद झाले होते. सरावासाठी तर गेमचीही गरज नाही. पोकेमॉन शोडाउन हा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो, टीम टाइप करायची आणि लगेच खेळायचं. आपल्याकडे ज्यांच्या घरी निनटेंडो स्विच नाही, त्यांना हा दरवाजा मोठा आहे. साधा लॅपटॉप पुरतो. तिथे कोण किती वापरलं जातं याची आकडेवारी दर महिन्याला स्मोगॉन या वेबसाइटवर येते, ती पाहून भोकं मोजायला सोपं जातं. सुरुवातीला एखाद्या विजेत्याची टीम जशीच्या तशी उचलून खेळलात तरी कमीपणा नाही. तिच्यातला प्रत्येक पोकेमॉन तिथे का आहे हे वीस-पंचवीस सामन्यांनंतर आपोआप उमगायला लागतं. बदल करायचा तर एका वेळी एकच करा. तीन बदलले आणि जिंकलात, तर कशामुळे जिंकलात हे कळणार नाही.

मोठ्या प्रत्यक्ष स्पर्धांत समोरच्याच्या टीमचा कागदही मिळतो: पोकेमॉन, आयटम, एबिलिटी, मूव्ह, टेरा. ईव्ही त्यात नसतात. म्हणजे आपली फ्लटर मेन 170 ची की 205 ची, हे त्याला मैदानातच कळणार.

घरून एक वही तयार ठेवायची, कोणत्या टीमसमोर कोणते चार. समजा समोर उतरताच पाऊस पाडणाऱ्या पेलिपरची टीम आली. उन्हावर खेळणारा घाबरतो, कारण पाऊस ऊन पुसतो. पण दोघे एकाच वेळी उतरले तर ज्याचा वेग कमी त्याचं हवामान शेवटी लागतं आणि तेच टिकतं. टॉर्कोल 22 वर आहे, पेलिपर त्याच्या आसपासही नाही. त्यामुळे वहीत असं लिहिता येईल: सुरुवातीला फॅरिगिराफ आणि टॉर्कोल, मागे अमूंगस आणि फ्लटर मेन. पहिल्या टर्नला फॅरिगिराफची ट्रिक रूम आणि टॉर्कोलचा प्रोटेक्ट. पेलिपर बाहेर जाऊन पाऊस घेऊन परत आलाच, तर टॉर्कोल बाहेर काढून अमूंगस आत. पुढे टॉर्कोल पुन्हा उतरेल तेव्हा ऊनही परत येईल. इन्सिनरोर आणि उर्सालूना या सामन्यात बाकावर. समोर पावसासोबत पाण्याचा उर्शिफूही असेल तर पहिल्याच टर्नला टॉर्कोलच्या जागी अमूंगस उभा करायचा, कारण उर्शिफूसमोर प्रोटेक्टचा उपयोग नाही.